कॉलेजच्या संगीत मंडळात वाद्यं कोणती घ्यावीत? आधी पट्टी ठरवा, मग दुकानात जा

प्रश्न असा आहे: ठाण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, नवं संगीत मंडळ काढतोय. गाणाऱ्या चार मुली आणि पाच मुलं, एक तबलजी, एक गिटारवाला. कॉलेज थोडा निधी देतंय. कोणती वाद्यं घ्यावीत आणि मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी समूहगान कसं बसवावं?

वाद्यांच्या यादीवर शेवटी येतो. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात, माणसं आणि पट्टी, म्हणजे षड्ज कुठल्या सुरावर धरायचा ते. हे न ठरवता घेतलेली वाद्यं जिमखान्याच्या कपाटात धूळ खात पडलेली दिसतात.

इंजिनिअरिंगची अडचण इतर कॉलेजांपेक्षा वेगळी आहे. महोत्सवाच्या प्राथमिक फेऱ्या साधारण ऑगस्टच्या सुमारास येतात आणि पहिल्या वर्षाची मुलं प्रवेशाचे कॅप राउंड उरकून येईपर्यंत बरेचदा ते दिवस निघून गेलेले असतात. शेवटच्या वर्षाची मुलं प्लेसमेंटमध्ये गुंतलेली. म्हणजे संघ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचाच धरायचा आणि त्याची निवड आदल्या मार्चमध्ये उरकायची. पहिल्या वर्षाची चाचणी सप्टेंबर-ऑक्टोबरात वेगळी घ्या, ती मुलं पुढच्या वर्षाची. प्रत्येक वाद्याला दोन नावं लिहून ठेवा. एकाची केटीची (राहिलेल्या विषयाची) परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी येणं अजिबात दुर्मीळ नाही. हजेरीचं पत्र तालमी सुरू व्हायच्या आधी प्राध्यापकांकडून सही करून घ्या. कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर यादी लागल्यावर पळापळ करून काही होत नाही.

नियम बघा. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या राष्ट्रीय महोत्सवात समूहगानाला जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार आणि दोन गाणी मिळून दहा मिनिटं असतात. एक गाणं देशभक्तीपर, दुसरं लोकगीत, सिनेमातली गाणी बाद. मंच मांडायला चार मिनिटं वेगळी मिळतात. विद्यापीठाच्या फेरीच्या पत्रकात वेळ कमी दिली असेल तर तीच धरायची. गुण गाण्याला आहेत, कपड्यांना आणि हातवाऱ्यांना नाहीत, तेव्हा फेट्यांच्या भाड्यावर निधी उडवू नका. तुमच्याकडे नऊ गायक आहेत. सहा घ्या, उरलेल्या तिघांना राखीव ठेवा, पण तालमीला तेही सगळे दिवस हवेत.

आता पट्टी. बहुतेक संघ इथेच मार खातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलांचा षड्ज साधारण काळी एकला (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी) सुखाचा असतो, मुलींचा काळी चार-पाचला. काळी एकमध्ये गायलात तर मुली एक तर घशातल्या घशात गुणगुणतात, नाहीतर तार सप्तकात किंचाळतात. काळी पाचमध्ये मुलांचं तेच. म्हणून गाणं निवडायच्या आधी एक संध्याकाळ फक्त मोजमापाला द्या. कीबोर्ड घ्या आणि प्रत्येकाला एकेक सूर 'आ'कारात पाच सेकंद धरायला सांगा. आवाज न थरथरता सगळ्यांत खाली कुठला लागतो आणि मान वर न करता सगळ्यांत वर कुठला, ते वहीत लिहा. मग दोनच आकडे उपयोगाचे: सगळ्यांत वरच्या आवाजाच्या मुलीची खालची हद्द आणि सगळ्यांत खालच्या आवाजाच्या मुलाची वरची हद्द. या दोन हद्दींमधल्या जागेतच सहाही जण एका सुरात गाऊ शकतात, आणि ती जागा जेमतेम एका सप्तकाची निघते. मिश्र संघाची गाडी बहुधा पांढरी चार किंवा काळी तीनवर थांबते. ध्रुवपद षड्जापासून धैवतापर्यंत राहील असं गाणं निवडा. अंतरा तार षड्जाच्या वर गेला तर तिथे मुली वर जातील आणि मुलं तीच ओळ एक सप्तक खाली घेतील. हे आधीच शब्दांच्या कागदावर दोन रंगांत लिहून टाका.

काळी तीनचा आणखी एक फायदा आहे. तिचा पंचम म्हणजे काळी एक. बाजारात सहज मिळणारा सव्वापाच-साडेपाच इंची तोंडाचा काळी एकचा तबला पंचमात लावून चालतो, नवा घ्यावा लागत नाही. उलट आधी तबला घेतलात आणि पट्टी नंतर काळी पाच ठरली, तर तो तबला तिथे ओढून नेता येणार नाही. सूर-दीड सुरापेक्षा जास्त ताणलं तर पुडी (तबल्याचं कातडं) फाटते, जास्त उतरवलं तर बोल मेलेले येतात.

दुसरी गडबड हार्मोनियम आणि कीबोर्डची. दोन्ही काळी तीन वाजवतात, पण एकत्र वाजले की सूर लाटेसारखा हेलकावे खातो. कारण साधं आहे: कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या मापाने लावलेला असतो, आपली पेटी बरेचदा त्याहून थोडी चढी किंवा उतरी. पेटी बदलत नाही, कीबोर्ड बदलतो. फोनवरच्या ट्यूनर ॲपने पेटीचा एक सूर मोजा, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मास्टर ट्यून (सगळे सूर एकदम चढवायची-उतरवायची सोय) तेवढं सरकवा, गिटार आणि तंबोऱ्याचं ॲप पेटीलाच जुळवा. तालमीला एक पेटी आणि स्पर्धेला दुसरी कुणाची तरी मागून आणलेली, असं केलंत तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तालमी आठवड्यात तीन दिवस, सव्वा तास, पाच आठवडे पुरतात. रोज पहिली पंधरा मिनिटं तंबोऱ्यावर नुसता षड्ज आणि पंचम. लोकगीताची लय हमखास धावते: ढोलकीवाला लग्गी (दुप्पट वेगाचे बोल) घेतो, टाळ्या त्याच्यामागे पळतात, आणि मिनिटाला शंभर ठोक्यांवर सुरू झालेलं गाणं एकशे वीसवर संपतं. तालमीत ढोलकीवाल्याच्या एका कानात मेट्रोनोम (ठरल्या लयीत टकटक करणारं ॲप) द्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि शेवटचं कडवं पहिल्याच्या शेजारी लावून ऐका. ओळ संपताना सहाही जण एकदम श्वास घेतात तेव्हा गाण्यात भोक पडतं. लांब ओळीत तिघांनी एका जागी आणि तिघांनी दोन शब्द पुढे श्वास घ्यावा. शब्दाच्या शेवटी 'त' किंवा 'ट' असेल तर तो नक्की कितव्या मात्रेवर पडणार ते ठरवून ठेवा, नाहीतर सहा 'त' पाठोपाठ पडतात आणि पत्र्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखे ऐकू येतात.

ठाण्यातला जुलै-ऑगस्ट वाद्यांचा शत्रू आहे. हवेतली ओल शोषून कातडं सैल पडतं आणि तबला उतरतो. एसी हॉलमध्ये नेलात की कातडं सुकून चढतो, पुन्हा दमट विंगेत आणलात की उतरतो. म्हणून तबला गायनाच्या अर्धा तास आधी, जिथे वाजवायचा तशाच हवेत उघडून ठेवा आणि मगच लावा. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर) वरून ठोकला की चढतो, खालून ठोकला की उतरतो. समोरासमोरच्या घरांवर (दोन वाद्यांमधल्या जागांवर) आलटून पालटून हातोडी मारा, एकाच बाजूला नको. हीटर किंवा हॅलोजनसमोर धरू नका, शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) तडे जातात. पेटीची बोटाने दाबायची लाकडी पट्टी ओलीने फुगून खाली अडकते आणि सूर चालूच राहतो. ती ओढाताण करून मोकळी करू नका, आणि रीडला (आतल्या सूर देणाऱ्या पितळी पात्याला) तर हातच लावू नका, कारागिराकडे न्या. तालमीनंतर पेटी भिंतीला लावून किंवा तळमजल्याच्या फरशीवर ठेवू नका, बाकावर कापडाखाली ठेवा.

आता खरेदी. साधी खर्ज-नर पेटी (खालच्या आणि मधल्या सुरांच्या रीडचे दोन संच असलेली), साडेतीन सप्तकांची. स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येणारी पेटी) मोहात पाडते, पण ती जड आणि नाजूक असते. ठाणे-वाशी लोकलच्या लगेज डब्यातून नेणार असाल तर विसरा. त्यानंतर नटबोल्टची ढोलकी, कारण पावसात दोरीच्या ढोलकीपेक्षा ती पटकन लागते. मग तबल्याची जोडी, टाळ, खंजिरी, दिमडी. पोवाडा किंवा गोंधळ घ्यायचा असेल तर तुणतुणं आणि संबळ भाड्याने आणा, वर्षातून दोनदा लागणाऱ्या वाद्यावर पैसे गुंतवू नका. कीबोर्ड नंतर. ड्रमसेट तर अजिबात नको: जागा खातो, आवाजाच्या तक्रारी येतात आणि समूहगानात त्याचा उपयोग शून्य. तीन दुकानांची कोटेशनं आणि जीएसटीचं बिल लागेल. वाद्य आलं त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद करा, नाहीतर तुम्ही पास होऊन गेल्यावर ती पेटी कुणाची यावर वाद होतो.

चार मिनिटांत मंच मांडायचा तर कागदावर नकाशा काढून घ्या. सहा गायकांना तीन माइक, दोघांत एक, तोंडापासून वीतभर अंतरावर. पेटी गायकांच्या शेजारी, तालवाद्यं त्यांच्या माइकपासून दोन-अडीच मीटर दूर, नाहीतर प्रत्येक माइकमधून ढोलकीच ऐकू येते. गिटार असेल तर डीआय बॉक्स (गिटार थेट साउंड सिस्टिमला जोडायचा डबा) मिळेल का ते आदल्या दिवशी विचारा. माइकने शिट्टी मारली तर आवाज वाढवायला सांगू नका, गायकाला माइकजवळ सरकवा.

पिशवीत हातोडी, तबल्याची पावडर, कोरडा पंचा, गिटारच्या तारांचा जादा संच आणि ढोलकीचा पाना. हा पाना हटकून कॉलेजात राहतो. ढोलकीच्या कव्हरलाच दोरीने बांधून ठेवा.