नेपिअर कोणतं लावू? आधी कोयता कधी चालवणार ते सांगा

प्रश्न: 5 संकरित गाई, 1 एकर बागायत. चाऱ्यासाठी नेपिअर गवत लावायचंय. वाण सुपर नेपिअर, सीओ-5 की फुले जयवंत? दुकानदार म्हणतात सुपर नेपिअर 12 फूट वाढतं, दर कापणीनंतर एकरी 2 गोण्या युरिया द्या.

उत्तर: 2 गोण्या नाही. अर्धी गोणी. हे आधी लिहून ठेवा, वाणाचं नंतर बघू.

प्रत्येक कापणीनंतर एकरी 10 किलो नत्र पुरतं, म्हणजे साधारण 22 किलो युरिया, तोही ओलीवर. जास्त युरियाने गवत काळंभोर दिसतं, पण त्यात नायट्रेट साठतं. पाण्याचा ताण पडून एकदम पाऊस झाला की धोका आणखी वाढतो. असं कोवळं गवत पोटभर घातलं की जनावर धापा टाकतं, वेळेला दगावतं. दुकानदाराची गोणी खपते, गाय तुमची जाते. युरिया टाकल्यावर 3 आठवडे त्या पट्ट्याला कोयता लावू नका.

आता उंची. 12 फुटी गवताचा फोटो बघून ठोंबं (लावणीची कांडी) घेऊ नका. तेवढं वाढवलं की खालचं कांडं बांबूसारखं होतं. गव्हाणीत संध्याकाळी काय उरतं ते बघा: पाती संपलेली, बोटाएवढी कांडं तशीच. पहिली कापणी 60 ते 70 दिवसांनी, पुढच्या 45 दिवसांनी, जमिनीपासून वीतभर ठेवून. थायलंडचं पाकचोंग-1 आपल्याकडे सुपर नेपिअर म्हणून विकलं जातं. गवत वाईट नाही, पण त्या नावाखाली दुकानात काहीही मिळतं. संकरित नेपिअरला उगवणारं बी धरत नाही. बियांचं पाकीट कुणी दाखवलं तर तिथूनच परत फिरा.

तुमच्यासाठी राहुरी विद्यापीठाचं फुले जयवंत. पान मऊ, लव कमी, कॅल्शियम अडवणारं ऑक्झॅलेटही कमी. कोइम्बतूरचं सीओ-5 मिळालं तरी चालेल, फुटवे भरपूर येतात. 90 बाय 60 सेंटीमीटरवर एकरी साडेसात हजार ठोंबं लागतात; तुम्ही 20 गुंठेच लावा, त्याच्या निम्मी पुरतील. नारळाच्या सावलीत गिनी गवत, कोरडवाहूला मारवेल गवत. तिथे नेपिअर रेटू नका.

उरलेल्या रानात काय? 10 गुंठे दशरथ घास (शेंगवर्गीय चारा) लावाच. मी प्रत्येक गोठ्यावर हेच सांगतो, कारण नुसत्या नेपिअरवर दूध टिकत नाही. प्रथिनं कमी पडतात आणि ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. दशरथ घासाने लसूणघासासारखी पोटफुगीही होत नाही. बी टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, 4 मिनिटांनी बी टाका, 5 मिनिटांत काढा, मग रात्रभर गार पाण्यात. हे न करता पेरलं की उगवण होत नाही आणि लोक बियाण्याला नावं ठेवतात. राहिलेल्या 10 गुंठ्यांत आफ्रिकन टॉल मका, दाणा चिकात असताना कापून मुरघास करा. गाईला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या.

योजना: कडबाकुट्टीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, बियाणे-ठोंबांसाठी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. सातबारा, आधार, पासबुक न्या. ठोंबं तीन महिने वयाच्या निरोगी कांड्याची, 2 डोळ्यांची घ्या. कोवळी, हिरवी लुसलुशीत कुणी फुकट दिली तरी लावू नका, मातीत कुजतात.