मोहोरावरचे तुडतुडे: आधी नीट बघा

पहिल्याच हंगामात फवारणीचा पंप उचलण्याआधी आठवडाभर झाडाशी उभे राहा. आंब्यावरचे इडिओस्कोपस जातकुळीतले तुडतुडे पाचरीच्या आकाराचे, जेमतेम ३-५ मिलिमीटर लांब असतात. फांदी हलवली की टिकटिक आवाज करत उडतात आणि हात लावायला गेलात तर तिरके सरकून देठामागे लपतात.

मोहोर नसताना ते जातात कुठे, हा प्रश्न नव्यांना पडतच नाही. सालीच्या भेगांत हाताने चाचपून बघा, प्रौढ तिथे दडलेले सापडतील. मोहोर फुटला की मादी कळ्यांच्या आणि देठांच्या पेशीत अंडी घालते. आठवडाभरात पिल्ले निघून रस शोषू लागतात. फुले सुकून गळतात. पानांवर चिकटा, म्हणजे त्यांनी टाकलेला गोड चिकट द्रव, पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. पाने चिकट दिसली की लगेच मोहोर उलटून बघा, मला हीच खूण सर्वांत उपयोगी वाटते.

दाट, सावलीच्या बागेत हे फार वाढतात. म्हणून आतल्या फांद्या विरळ करा, ऊन आत जाऊ द्या. आणि भर फुलोऱ्यात फवारू नका, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात.