अंतर्मुख म्हणजे लाजाळू नव्हे

प्रश्न: मुलाच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी 'इंट्रोव्हर्टेड' असा शेरा लिहिला आहे. म्हणजे लाजाळूच ना?

उत्तर: नाही. लाजाळू माणसाला चारचौघांत मिसळायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीने त्याचं पाऊल अडतं. इंट्रोव्हर्टेड माणसाला धास्ती असेलच असं नाही. त्याचं मन आतच जास्त रमतं. व्यासपीठ गाजवून आल्यावर एकटाच पुस्तक घेऊन बसणारा माणूसही इंट्रोव्हर्टेड असू शकतो. बाईंना काय म्हणायचं होतं ते त्यांनाच विचारा. हा शब्द हल्ली फार सैल हाताने वापरला जातो.

प्रश्न: शब्द मुळात आला कुठून?

उत्तर: लॅटिनमधून. 'इंट्रो' म्हणजे आतल्या बाजूला आणि 'व्हर्तेरे' म्हणजे वळवणं. हे 'व्हर्तेरे' आणि संस्कृत 'वृत्' धातू एकाच मुळाचे, त्यामुळे आपले आवर्तन, परिवर्तन, निवृत्ती हे शब्द त्याचे चुलतभाऊ लागतात. विचार आत वळवणं या अर्थाचं क्रियापद इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. मला मात्र प्राणिशास्त्रातला वापर सर्वांत आवडतो. 'पीनट वर्म' नावाच्या समुद्री प्राण्याच्या तोंडाकडच्या भागाला 'इंट्रोव्हर्ट' म्हणतात. धोका वाटला की मोज्याचं टोक आत ओढावं तसा तो हा भाग अंगात ओढून घेतो! स्वभावाचा अर्थ रुळला तो स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्यामुळे. स्वभावप्रकारांवरचं त्यांचं पुस्तक १९२१चं.

प्रश्न: उलट शब्द 'एक्स्ट्रोव्हर्ट' की 'एक्स्ट्राव्हर्ट'?

उत्तर: दोन्ही चालतात. युंग यांनी 'एक्स्ट्रा'च लिहिलं, कारण लॅटिन शब्द तोच. 'इंट्रो'शी जुळवून घेताना लोकांनी 'एक्स्ट्रो' केलं आणि तेच रूढ झालं.

प्रश्न: 'इंट्रोस्पेक्टिव्ह'चा अर्थही हाच का?

उत्तर: इथे वळणं नाही, पाहणं आहे. लॅटिन 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं. संस्कृत 'पश्यति' आणि आपला 'स्पष्ट' त्याच मुळाचे. दिवसभर गप्पा छाटणारा माणूस रात्री अंथरुणावर पडल्यावर 'मी तसं का बोललो?' म्हणून स्वतःलाच धारेवर धरतो, तेव्हा तो इंट्रोस्पेक्टिव्ह असतो. मराठीत घोळ होतो तो 'अंतर्मुख'मुळे. 'ती अंतर्मुख आहे' हा झाला स्वभाव, म्हणजे इंट्रोव्हर्टेड. 'त्या प्रसंगाने ती अंतर्मुख झाली' म्हटलं की तिथे इंट्रोस्पेक्टिव्हच हवं.