वाचकांचे प्रश्न : म्हाताऱ्या वीरांवर हसायचं की त्यांच्यासाठी रडायचं?

प्रश्न : निकोलस ईम्स यांची ‘किंग्ज ऑफ द वाइल्ड’ आमच्या घरात दोघांनी वाचली. मी पोट धरून हसले. भावाला मात्र ती आवडली नाही. तो म्हणतो, पाठदुखी, सुटलेली पोटं आणि दारू एवढ्याच भांडवलावर विनोद उभा आहे आणि पात्रं म्हणजे नुसते नमुने आहेत. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : मी तुमच्या बाजूने आहे. या कादंबरीवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट अशी : ‘सागा’ नावाची एक भाडोत्री लढवय्यांची टोळी एकेकाळी खूप गाजलेली होती. आता तिची पांगापांग होऊन बरीच वर्षं झाली आहेत. गेब हा तिचा म्होरक्या; मूग, मॅट्रिक, क्ले आणि गॅनेलन हे बाकीचे चौघे. त्याची मुलगी रोझ दूरच्या कास्टिया शहरात राक्षसी फौजांच्या वेढ्यात अडकते आणि तो जुन्या सोबत्यांची दारं ठोठावत निघतो. कादंबरी 2017 ची आणि ईम्स यांची पहिलीच.

पहिल्या वाचनात मूग हा मांत्रिक मला निव्वळ विनोदासाठी आणलेला वाटला होता. पुरुषांच्या शयनगृहातल्या अडचणीवर तो जादूचं औषध करून विकतो, आणि त्यावरून होणारी थट्टा बरीच सवंग आहे. दुसऱ्यांदा मी पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा त्याच्या प्रत्येक प्रसंगाच्या कडेला खुणा होत गेल्या. मूगचा जोडीदार फ्रेड्रिक ‘रॉट’ नावाच्या रोगाने गेला. अंग हळूहळू दगडासारखं होत जाणारा हा रोग, आणि त्यावर इलाज नाही. मूग तो इलाज शोधतोय, अजूनही. एकदा हे लक्षात आलं की त्याची अखंड बडबड, बारीकसारीक गोष्टींवरून हरखून जाणं, कुठल्याही जनावराला जवळ घेणं, सगळं वेगळंच वाटू लागतं. हसू येतंच, पण त्याच वाक्यात कुठेतरी घशात आवंढा येतो. नमुना असता तर दुसऱ्या वाचनात तो पातळ झाला असता. मूग उलट दाट होत जातो.

मॅट्रिकचंही तसंच. एके काळचा दोन सुऱ्यांचा चपळ चोर आता राजा आहे, पोट सुटलंय, प्याला हातातून सुटत नाही. राणीची मुलं आपली नाहीत हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी त्या पोरांवर त्याची माया आहे. ही माया लेखकाने घातली नसती, तर तुमच्या भावाचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पाचवा गॅनेलन. तो इतकी वर्षं दगड होऊन उभा होता, त्यामुळे बाकीचे म्हातारे झाले आणि हा होता तसाच राहिला. सोबत्यांचं वय किती झालंय हे आपल्याला त्यांच्या पाठदुखीपेक्षा त्याच्याशेजारी ते उभे राहिले की जास्त कळतं.

आणि क्ले कूपर. गोष्ट त्याच्या नजरेतून दिसते आणि तो फार कमी बोलतो. लहानपणी बापाचा रानटीपणा पाहिलेला हा माणूस आपल्या आतल्या हिंसेला घाबरून आहे. म्हणून त्याचं खरं हत्यार ढाल आहे. गेब पहिल्यांदा मदत मागतो तेव्हा क्ले नकार देतो. घरी बायको आहे, लहान मुलगी टॅली आहे. मग रात्री झोपताना टॅली विचारते, मी तिथे अडकले असते तर तू आला असतास ना? माझ्या मते सगळी कादंबरी या एका प्रश्नावर तोललेली आहे. पुढे राक्षस येतात, लढाया होतात, हास्याचे स्फोट होतात, पण क्ले घरातून पाय बाहेर टाकतो तो या प्रश्नामुळे. तेवढी पानं भावाला पुन्हा वाचायला द्या.

प्रश्न : या कादंबरीत बायका कुठे आहेत?

उत्तर : कमी आहेत, आणि हे मला खटकतं. क्लेची बायको जिनी समंजस आहे, पण ती दाराशीच राहते. राणी लिलिथ तर दुष्टपणाच्या एकाच रंगात रंगवली आहे. रोझच्या नावाने सगळी धावपळ, पण बराच काळ ती फक्त नावच. टोळीचा पाठलाग करणारी लार्कस्पर तेवढी लक्षात राहते. पुढचं पुस्तक ‘ब्लडी रोझ’ (2018) टॅम या तरुण मुलीच्या नजरेतून लिहिलंय आणि त्यात रोझ हाडामांसाची होऊन उभी राहते. ते नक्की वाचा.

प्रश्न : मी स्वतः पाच निवृत्त योद्ध्यांवर विनोदी कादंबरी लिहितोय. मैत्रीण म्हणते, पाचही जण एकाच आवाजात बोलतात. काय करू?

उत्तर : मैत्रिणीचं ऐका, तिने नेमकं दुखणं पकडलंय. पाचही जणांच्या संवादांवरची नावं झाकून एक पान वाचा. बोलणारा ओळखू आला नाही, तर ते पान पुन्हा लिहायला घ्या. तुमच्या पाचांपैकी प्रत्येकाने लढाई सोडली तेव्हा काय सोडलं नाही, हे आधी ठरवा. एकाला अजूनही दाराकडे पाठ करून बसवत नसेल. दुसरा आपल्या चुकीने मेलेल्या सोबत्याचं नाव घेताना जीभ चावत असेल. विनोद तिथून काढा. दुखऱ्या गुडघ्यावरचा विनोद एकदाच चालतो. तिसऱ्यांदा आला की वाचक पान उलटतो.

आणखी एक. म्हातारा वीर दुबळा दाखवायची घाई करू नका. टेरी प्रॅचेट यांच्या ‘द लाइट फॅन्टास्टिक’मध्ये (1986) कोहेन नावाचा रानटी योद्धा येतो. ऐंशी ओलांडलेला, तोंडाचं बोळकं झालेला. ज्या धंद्यात माणसं विशी-तिशीतच मरतात, त्यात हा एवढा जगला, म्हणजे तो किती तरबेज असेल याचा विचार समोरचे गुंड करत नाहीत, आणि तिथेच फसतात. ‘इंटरेस्टिंग टाइम्स’मध्ये (1994) त्याच्या म्हाताऱ्या लढवय्यांच्या टोळीत चाकाच्या खुर्चीतला हॅमिश आहे, आणि शाळा सोडून या टोळीत आलेला एक शिक्षकही. त्या शिक्षकाने या म्हाताऱ्यांना चारचौघांत कसं वागायचं ते शिकवण्याचा जो चंग बांधलाय, त्याची पानं वहीत उतरवून काढा. कोण कसं उत्तर देतो ते बघा. प्रत्येकाचा आवाज कानाला वेगळा लागतो.

प्रश्न : लढाई अजिबात नको, पण माजी योद्धा हवा. असं काही आहे का?

उत्तर : आहे. ट्रॅव्हिस बाल्ड्री यांची ‘लेजंड्स अँड लाटेज’ (2022). विव्ह ही धिप्पाड ऑर्क (कल्पित कथांमधल्या राकट, लढाऊ जमातीतली) तलवार खाली ठेवते आणि कॉफीचं दुकान काढते. तिथली मंडळी कॉफी कशाशी खातात हेही जाणत नाहीत. विनोद मंद आहे, खळखळून हसू येणार नाही. पण थिंबल नावाचा, जेमतेम एखादा शब्द बोलणारा उंदरासारखा छोटा बेकरीवाला आहे, त्याच्यासाठी तरी वाचा. तो पहिल्यांदा भट्टीतून काही बाहेर काढतो ते प्रकरण मी उपाशीपोटी वाचलं होतं. तुम्ही जेवून वाचा.