पोहता येत नसताना सिंधुदुर्गातल्या भोगवे-निवतीला गाइडसोबत समुद्रात कयाकिंग करावं का? ओळखीचे एक जण म्हणतात, गाइड मध्येच परत फिरवतात आणि पैसे पूर्ण घेतात, हे खरं आहे का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. तुमची पहिलीच वेळ आहे, पोहता येत नाही, सोबत साठीतली आई आहे, त्याचंही सांगते. पण आधी हे.

हो, परत फिरवतात. आणि जो फिरवतो तोच खरा गाइड. त्याचे पैसे पूर्ण द्यायचे, तेही तोंड वाकडं न करता.

माझं माहेर वेंगुर्ला तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं. वडील रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीवर जायचे. लग्न होऊन पुण्याला आले, आणि काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात सासरच्या मंडळींना घेऊन भोगव्याला गेले. धाकट्या दिरांची हौस होती की समुद्रात कयाकिंग करायचंच. भोगव्याच्या वाळूवरून निघायचं, किनारा डावीकडे ठेवत निवतीच्या किल्ल्याचं टोक ओलांडायचं, पलीकडच्या किनाऱ्यावर उतरून नारळपाणी प्यायचं आणि परत, असा बेत. गाइड गावातलाच, पंचविशीतला मुलगा. त्याच्या घरीही मासेमारीच. उजाडताच निघालो. दोन-दोन जणांच्या कयाक, गाइड स्वतःच्या वेगळ्या कयाकमध्ये.

त्याने आपल्या कयाकच्या टोकाला एक लाल चिंधी बांधली होती. निघाल्यापासून ती समुद्राकडे उडत होती. तुम्ही शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकला असाल, तेच. रात्री आणि पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे. वाटेत डॉल्फिनच्या पाठी दिसल्या, कड्यावर समुद्री गरुड बसलेला दिसला. सगळे खूश. टोक अगदी समोर आलं, तेव्हा या मुलाने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि नुसता पश्चिमेकडे बघत राहिला. ऊन लख्ख, आमच्याभोवतीचं पाणी सपाट. पण लांबवर वाऱ्याने शहारलेल्या पाण्याचा एक पट्टा गडद दिसत होता. चिंधी खाली लोंबली होती. आमच्या डोळ्यांसमोर ती हलली आणि जमिनीकडे वळली. नऊ-साडेनऊच वाजले असतील. हा वारा एरवी अकराच्या पुढे येतो.

"ताई, वारो फिरलो. आता फुडे जावचा नाय."

मी म्हटलं, "बरा, परतूया." दीर भडकले. "आकाशात ढग नाही, लाट नाही, परत कशाला? वहिनी, तुम्ही त्याच्या भाषेत बोलताय म्हणून तुम्हाला त्याचंच खरं वाटतंय."

आम्ही परतलो. वारा वाढला, पण वादळ वगैरे काही झालं नाही. किनाऱ्यावर बसून बघितलं तर समुद्र थोडा उठला होता, इतकंच. आणि तेवढ्यावरच आमच्या घरात आजही वाद होतो. दीर म्हणतात, बघा, काहीच झालं नसतं. त्या मुलाने अर्धे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, दिरांनी ते घेतले. मी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन ते परत दिले. हेही दिरांना नंतर कळलं, आणि त्याचंही मोठं झालं.

आता तो मुलगा का फिरला ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या ओळखीच्यालाही सांगता येईल. भोगव्याहून निवतीला तुम्ही दक्षिणेकडे जाता. दुपारचा खारा वारा इथे वायव्येकडून येतो. म्हणजे जाताना तो पाठीशी, बोट मजेत पळते, आणि येताना तोच छातीवर. नवखा माणूस सपाट पाण्यात तासाला चारेक किलोमीटर जातो. समोरून वारा आला की त्यातलं निम्मंही राहत नाही, आणि तोवर हात भरून आलेले असतात. टोकाखाली सगळा कातळ. येणारी लाट त्याच्यावर आपटून परत फिरते, नव्या लाटेला भिडते, आणि पाणी कुठूनही कसंही उसळतं. तिथे उतरायला वाळू नाही. टोकाच्या अलीकडे असेपर्यंत निर्णय तुमच्या हातात असतो, पलीकडे गेल्यावर तो वाऱ्याच्या हातात जातो. त्यामुळे शहाणा माणूस पाणी सपाट असतानाच फिरतो, आणि म्हणूनच त्याचं बरोबर होतं हे नंतर कधीच सिद्ध करता येत नाही. घाटात धुकं उतरलं म्हणून गाडी बाजूला घेणाऱ्या ड्रायव्हरचं आपण कौतुक करतो. तीच अक्कल समुद्रावर दाखवली की ती कामचुकारपणा कशी होते?

अर्धे पैसे कापायची सवय लावली की पुढच्या वेळी तो मुलगा टोकाशी आल्यावर चिंधीकडे बघेल की घरच्या हप्त्याकडे? हे दिरांनी मला एकदा सांगावं. पैसे निवतीला पोचवण्याचे नसतात. पाणी कळणारा माणूस सकाळभर तुमच्यासोबत आहे, त्याचे असतात.

म्हणून बुक करतानाच विचारा: वाऱ्यामुळे परत फिरलो तर पैशांचं काय? "पूर्ण घेणार" असं कुणी स्पष्ट सांगितलं, तर तिथेच बुक करा. "काही होत नाही, आम्ही कधीच परत येत नाही" म्हणणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका.

आता तुमचं. पोहता येत नाही म्हणून अडत नाही. वरून उघडी, बसायची कयाक असेल तर ती पाण्याने भरून बुडत नाही, उलटली तरी पुन्हा वर चढता येतं. पण ते कसं चढायचं हे गाइडने किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, तुमच्याकडून करून घेतलं पाहिजे. टाळाटाळ केली तर निघू नका. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी ते खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. गाइडकडे ओढायची दोरी आणि शिट्टी आहे का बघा. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर ठेवा.

उजाडताच निघा, दहाच्या आत वाळूवर परत या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा बंदच असतात, तेव्हा कुणी "आतल्या आत नेतो" म्हटलं तरी जायचं नाही.

आईंना मात्र पहिल्याच दिवशी समुद्रावर नेऊ नका, विशेषतः खांदे किंवा कंबर दुखत असेल तर. त्यांच्यासाठी भोगव्याला लागूनची कर्ली खाडी. कांदळवनाच्या कडेने, पलीकडच्या काठावरच्या देवबाग गावाच्या आतल्या बाजूला, सकाळी पाणी शांत असतं. शनिवार-रविवारी तिथे मोटरबोटींची फार वर्दळ असते, मधला वार धरा. आणि खाडीत गेलात तरी मुखाकडे, जिथे नदी समुद्राला मिळते तिथे, जाऊ नका. वडील तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगायचे: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण अंदाजाला पुरतं. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या दुपारी उधाणाची ओहोटी जोरात बाहेर ओढत असते आणि समोरून खारा वारा येत असतो. त्या दोघांच्या मध्ये, वाळूच्या दांड्यावर, लाट उभी फुटते. त्या दिवशी दुपारी आईंना घेऊन देवबागला जेवायला बसा आणि कयाकिंग दुसऱ्या दिवशी सकाळी करा.