आजीच्या ओव्यांनी नोकरी जात नाही

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी तलाठी, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकारी झाली, हा आनंद तुम्ही दोन ओळींत उरकलात. बाकी सगळं पत्र तिच्या इन्स्टाग्रामचं. आजी जात्यावर ओव्या म्हणते, ही शेजारी फोन धरून बसते, अशा ६४ रील. "साहेबांनी पाहिलं तर नोकरी जाईल" म्हणून गेल्या रविवारी ती झोपल्यावर तिच्याच फोनवरून तुम्ही त्या पुसून टाकल्यात. तेव्हापासून ती तुमच्याशी बोलत नाही.

मला घोर लागला तो त्या रात्रीचा. उद्या नोकरीत जमिनीच्या नोंदीतल्या फेरफारासाठी कुणी दमदाटी करेल, रात्री चोरट्या वाळूचा ट्रॅक्टर अडवावा लागेल. तिथे तिला एकटीला 'नाही' म्हणायचंय. घरात जिचा फोनसुद्धा तिचा नाही, तिच्या अंगात ते बळ कुठून येणार? तुम्ही भीतीपोटी केलंत हे कळतं. तरी चुकलंच.

सरकारी नोकराने सोशल मीडियावर असूच नये, हा समज आधी काढून टाका. राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये याबद्दल सूचना काढल्या. त्यात अकाउंट बंद करा असं कुठेही नाही. वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवा, असं आहे. वैयक्तिक अकाउंटवर प्रोफाइल फोटो सोडून पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, सरकारी गाडी, इमारत दाखवायची नाही. गोपनीय कागद टाकायचा नाही. राज्य वा केंद्राच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको. मोडलं तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली कारवाई होते. टीकेची ही अट मला फार मोघम वाटते. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका फेसबुक पोस्टच्या प्रकरणात सांगितलंय की सरकारी नोकरीत गेल्याने भाषणस्वातंत्र्य संपत नाही. पण आजीच्या ओव्यांचा यातल्या कशाशी संबंध? 'तलाठी मॅडम' असं नाव लावू नये, कार्यालयात शूटिंग करू नये. पैसे मिळू लागणार असतील तर आधी कार्यालयाला विचारावं.

 

आणि एक तातडीचं. इन्स्टाग्रामवर पुसलेली रील ३० दिवसांपर्यंत परत आणता येते. आज संध्याकाळी तिच्यासमोर बसा, चुकलो म्हणा, आणि तिला त्या परत आणू द्या.