मराठीतही लिहायचे तर मार्कडाउन, पण मिस्टसह

पायथनची लायब्ररी, लिहिणारे पाच-सहा जण, एपीआयचा (लायब्ररीतल्या फंक्शनांची माहिती देणारा) भाग कोडमधूनच तयार व्हायला हवा आणि वापराची पुस्तिका इंग्रजीबरोबर मराठीतही. अशा वेळी साध्या मजकुरात खुणा घालून लिहिण्याच्या मार्कडाउन, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट आणि आस्कीडॉक या पद्धतींपैकी कोणती, असा तुमचा प्रश्न आहे.

स्फिंक्स (अशा मजकुरातून वेबपाने आणि पीडीएफ बनवणारे साधन) घ्या, त्याला मार्कडाउन वाचणारे मिस्ट हे एक्स्टेन्शन जोडा आणि मार्कडाउनमध्ये लिहा. नुसत्या मार्कडाउनवर भागणार नाही. २००४ च्या मूळ मार्कडाउनला टेबलसुद्धा येत नाही, आणि मथळा बदलला तरी न तुटणारे दुवे कॉमनमार्क या त्याच्या प्रमाणित रूपातही नाहीत. मिस्टमुळे स्फिंक्सच्या या सोयी मिळतात. कोडमधून माहिती उचलणाऱ्या ऑटोडॉकचे आदेश मात्र इव्हॅल-आरएसटी ब्लॉकमध्ये (तिथला मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट धरला जातो) टाकावे लागतात, कारण डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेली वर्णने, रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट म्हणूनच वाचल्या जातात.

खरा फरक पडतो तो मराठीच्या प्रत्ययांनी. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला शेवटच्या खुणेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागते. ``सेटिंग``मध्ये असे लिहिले की वॉर्निंग येते आणि बॅकटिक (`) जसेच्या तसे छापले जातात. तिथे ``सेटिंग``\ मध्ये असे लिहावे लागते. पानात तीस ठिकाणी हे सांभाळणे कुणाच्याही हातून होणार नाही. आस्कीडॉकमध्ये एकेरीऐवजी दुहेरी बॅकटिक दिले की काम होते. मार्कडाउनमध्ये `सेटिंग`मध्ये सरळ चालते. फक्त तिरप्या अक्षरांसाठी तारकाच वापरा; _सेटिंग_मध्ये असे लिहिल्यास अंडरस्कोर तसेच दिसतात.

मथळ्यांचेही तेच. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये मथळ्याखालची रेघ त्याच्याइतकी लांब हवी. ‘किमती’ दिसायला तीन अक्षरे, पण वेलांट्या धरून मोजणी पाच होते. खाली === दिले तर तो मथळाच राहत नाही, साधा मजकूर होतो.

मार्कडाउनमधला एक खड्डा आधीच सांगतो: क्रमवार यादीला इंग्रजी आकडेच लागतात. १. २. ३. लिहिले की तिन्ही ओळी एकाच परिच्छेदात गोळा होतात.

छापील पुस्तक हेच मुख्य काम असेल तर आस्कीडॉकचा विचार जरूर करा. स्फिंक्समधून मराठी पीडीएफ काढताना पीडीएफ बनवणारे मूळचे इंजिन पीडीएफलाटेक्स बदलून झीलाटेक्स करा आणि नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट नेमून द्या.

आणि पहिल्याच दिवशी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) स्फिंक्स-बिल्डला -डब्ल्यू (कॅपिटल) हा पर्याय लावा. मग प्रत्येक वॉर्निंग चूक धरली जाते आणि तुटलेला अंतर्गत दुवा मुख्य कोडमध्ये मर्ज होण्याआधीच अडतो. पाचशे वॉर्निंग साठल्यावर तो लावायला कुणी धजत नाही.